पिनेला मोटार जोडू नका

अठरा वर्षं इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीच्या दुकानात बसून तिने एकाही गिऱ्हाइकावर आवाज चढवला नव्हता. पण कुंड्यांना आपोआप पाणी घालायच्या नादात सासऱ्यांनी पंप चालू-बंद करणारा तिसरा मायक्रोकंट्रोलर बोर्ड जाळला, तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

"बाबा, पंपाची मोटार परत थेट बोर्डाच्या पिनेला जोडलीत?"

"दोन्ही पाच व्होल्टच्याच आहेत की!"

"व्होल्ट जुळले हो, पण करंट? पिन जेमतेम वीस मिलिअँपिअर देते, मोटार दोनशे ओढते. पिनेने नुसता हुकूम सोडायचा, मोटारीला वीज वेगळी द्यायची."

धुसफुसतच तिने नवा बोर्ड घेऊन मध्ये पिनेच्या हुकमावर मोटारीची वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर आणि मोटारीचा उलटा झटका अडवणारा डायोड बसवून मोटारीला स्वतंत्र सेल दिले. कुंड्यांत पाणी पडू लागलं.

सासरे हरखले. "आता टेबलफॅनही थेट या शेजारच्या पिनेला लावू?"

तिने त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.