अक्काचं घरातलं गोल्फ

भावजी सैन्यात असताना माझी अक्का छावणीच्या मैदानावर गोल्फ शिकली. निवृत्तीनंतर दोघं भडगावला परतले. इथे मैदान कुठलं? मग तिने घरातच पडद्यावर खेळायचं ठरवलं: खरा चेंडू पडद्यावर मारायचा आणि त्याची पुढची झेप पडद्यातल्या मैदानात बघायची. सामानाच्या खरेदीआधी तिने गोल्फची सर्वांत लांब काठी प्रत्येक खोलीत फिरवून पाहिली. सगळीकडे ती छताला लागली, तेव्हा भावजी म्हणाले, "राहू दे आता."

"आपलं कापसाचं गोडाऊन रिकामंच शे ना!" अक्का आपल्या अहिराणी ढंगात म्हणाली.

तिथल्या उंच छपराखाली तिने जाळी, जाड पडदा, प्रोजेक्टर आणि चेंडूचा वेग टिपणारं यंत्र स्वतः उभी राहून बसवून घेतलं. तिचा पहिला चेंडू पडद्यावर धाडकन आदळला आणि पडद्यातल्या हिरवळीवर दूर उडत गेला. साठी ओलांडलेल्या माझ्या बहिणीकडे मी बघतच राहिलो.