कॅम्पात नेलेली न्याहारी

अण्णा, मला लिवाय येत न्हाय, म्हणून मोबाईलात बोलून पाठवतोय. भावकीत सगळ्यांस्नी ऐकवा, हसू दे.

उचगावातनं टेम्पो निघाला तवा मी रडलो. आई म्हणाली, "वडगाव काय परदेश हाय व्हय रं? सांजच्याला जेवाय ये." लोकं दुबईला जाताना रडत न्हाईत, मी बेळगावच्या वडगावला जाताना टॉवेल भिजवला.

मला कापडाच्या मागावर हमाली मिळाली, आमच्या पोरीला, संगीला, कॉलेज जवळ पडलं. संगीच्या एम.एस्सी.त चौघांनी मिळून एकच काम करायचं, हिरीच्या पाण्याची तपासणी. एकाचं अडलं की चौघांचे मार्क जातात. मी म्हटलं, ह्यो तर आपला पैरा. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या. ह्यातलं मला कळतंय. तिथंच घोळ झाला.

चौघांतला रोशन, बेळगावच्या कॅम्प भागात राहणारा, आमच्या घरी कामाला यायचा थांबला. निम्मी तपासणी त्येच्याकडं. संगी जेवंना. पैऱ्याचा गडी आला न्हाय तर आपण न्याहारी बांधून त्येच्या दारात जातो का न्हाय? मी गेलो, भाकरी-पिठलं घिऊन. बाप बाहेर आला. म्हटलं, "साहेब, पोराला पाठवा की, आमच्या पोरीचं काम अडलंय."

बाप म्हणाला, "तो रोज तुमच्याकडंच येतोय की."

मागं रोशन उभा. त्येचं तोंड बघून मी भाकरी तिथंच ठेवून पळालो.

संगी म्हणाली, "आप्पा, इथं दारात जाऊन बोलवत न्हाईत ओ. मेसेज करतात."

"मग करायचा हुतास की."

"केलता. बघून गप बसलाय. आता तर त्यो ग्रुपच सोडतो म्हणतोय."

परवा सरांस्नी दाखवायचंय. रोशन न्हाय आला तर पोरीचं वरीस जातंय, आणि ते मी घालवलं म्हणायचं.

अण्णा, तिकडं तुम्ही मला शिव्या घालायचा आणि दुसऱ्या दिशी माझ्याच शेतात इळा घिऊन हजर. घर म्हंजे तेच हुतं, आता कळतंय. इथला रागावलेला माणूस परत येतोय का न्हाय, मला ठावं न्हाय.

आज सगळे जमायचेत. ग्रुपातल्या दोघी पोरी आल्यात. संगी म्हणाली, "आप्पा, तुम्ही आत बसा, तुम्हाला बघून त्यो परत जाईल." म्हणून गॅसच्या कट्ट्यामागं बसून हळू बोलतोय.

दारात गाडी थांबल्यागत वाटतंय. संगी दार उघडाय पळाली. बंद करतो, अण्णा.