बेलफ्रातींच्या पंगतीतलं तोंड

नोफ्री वजडीवाल्याने चर्चच्या भिंतीवरच्या किमेन्तीचे डोळे खिळ्याने उकरून काढले, असं जुन्या बाजारात अजून सांगतात. सांगणारे तर असं सांगतात की जणू खिळा त्यांनीच त्याच्या हातात दिला होता. खोटं आहे. नोफ्रीने त्या भिंतीला बोटसुद्धा लावलं नाही. त्याने तिच्यासमोर फक्त बत्ती लावली, आणि तीही हात जोडून.

नोफ्री बेलफ्रातींचा माणूस. म्हणजे तो स्वतःला तसं म्हणवायचा. फ्लोरेन्समध्ये कोणा बड्या घराचा माणूस नसेल त्याला कुत्रंही भुंकत नाही, आणि नोफ्रीने तर उभा जन्म त्या घराच्या नावाने घसा फोडला होता. बेलफ्रातींची मिरवणूक निघाली की पहिली आरोळी त्याची. मोहल्ल्याच्या सभेत मत द्यायची वेळ आली की त्यांच्या कारकुनाने नुसती भुवई उचलायची, नोफ्रीचा होकाराचा काळा दाणा थैलीत पडलाच. थोरल्या पोराचं नाव त्याने धन्याच्या नावावरून वान्नी ठेवलं, आणि खुद्द धन्यांनी, मेस्सेर वान्नींनी, बारशाला धर्मपिता म्हणून यायचं कबूल केलं. आला त्यांचा कारकून. तरी नोफ्री आयुष्यभर त्यांना ‘आमचे कोम्पारे’, म्हणजे पोराच्या नात्याने जोडलेले भाऊ, म्हणत राहिला. मेस्सेरांना हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

मग बेलफ्रातींनी आपल्या चर्चमध्ये एक छोटं दालन रंगवायला काढलं. विषय लग्नाचा. येशूने पाण्याची दारू केली ते लग्न. पंगतीत मधोमध मेस्सेर वान्नी स्वतः, दोन्ही बाजूंना भाऊ, जावई आणि ज्यांच्याशी पुढे सोयरीक जुळवायची ते. आणि वाढपी, पाणके, बघे म्हणून बाजारातले खरे चेहरे घेणार, ही बातमी फुटली. नोफ्रीने दाढी केली. दुसऱ्या दिवशीही केली. तिसऱ्या दिवशी चित्रकाराकडे गरम वजडीचं भांडं घेऊन गेला. चित्रकाराने भांडं रिकामं केलं, बोटं चाटली, नोफ्रीची हनुवटी उजेडाकडे वळवली आणि म्हणाला की तोंड चांगलं आहे, पण सपाट आहे, त्याच्यावर सावलीच पडत नाही.

त्याच आठवड्यात किमेन्ती कोंबडीवाला हंस पोचवायला तिथे गेला. त्याला ना घेणं ना देणं. बेलफ्रातींच्या नावाने आरोळी ठोकायची तर सोडाच, गेल्या खेपेला त्याने नकाराचा पांढरा दाणा टाकला होता अशी वदंता होती. पण त्याचं नाक लांब. चित्रकाराने त्याला तिथेच उभा केला, हातात सुरई दिली, आणि गिलावा ओला आहे तोवर ते नाक थेट मेस्सेर वान्नींच्या उजव्या खांद्यामागे उतरवलं. इतक्या जवळ की मेस्सेर शिंकले तर ‘देव भलं करो’ म्हणायचा मान किमेन्तीचा.

पडदा निघाला त्या दिवशी नोफ्री घरी आला तो जेवलाच नाही. बायकोने, पिप्पाने, विचारलं, तर म्हणाला पोटात दुखतंय. पिप्पा म्हणाली, “अहो, पोटात नाही, किमेन्तीत दुखतंय तुम्हाला.”

किमेन्तीही साधा नव्हता. दुकानावर बसल्या बसल्या मान तशीच तिरकी धरायचा, भिंतीवरच्यासारखी. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, जरा घाई करा बरं, धनी तहानलेले असतील. हे वाक्य तो नोफ्रीच्या गाड्यापर्यंत पोचेल एवढ्याच आवाजात म्हणायचा, ना कमी ना जास्त. नोफ्री तेव्हा सुरीने वजडीचे असे तुकडे पाडायचा की गिऱ्हाइकाला भाकरीवर भुसा मिळायचा.

आणि मग नोफ्री भाविक झाला. रोज सकाळी चर्चमध्ये, त्याच दालनात, सुरईवाल्याच्या बरोब्बर खाली एक बत्ती. मेणाची नव्हे. मेण श्रीमंतांचं. नोफ्रीची बत्ती चरबीची, त्याच्याच कढईवरची, आणि तिचा धूर असा की सेवेकरी खोकत बाहेर पळायचा. तो तक्रार करायला आला की नोफ्री डोळे मिटून म्हणायचा, गरिबाची भक्ती आहे बाबा, वास मारते, पण वर जाते. वर तर ती खरोखरच जात होती. दोन उन्हाळे गेले आणि मेस्सेर वान्नींच्या खांद्यामागे माणूस उरला नाही. राहिली एक सुरई, आणि तिच्यावर काळा ढग.

एवढ्याने तरी नोफ्रीला सुख लागावं. पण नाही. तो ढगाकडे बघून कुढायचा, की तिथे किमेन्ती नाही हे खरं, पण नोफ्री तरी कुठे आहे?

त्या शरदात बेलफ्रातींचे दिवस फिरले. नव्या कारभाऱ्यांनी मेस्सेर वान्नींना कुटुंबकबिल्यासह शहराबाहेर काढलं, दारावरचं त्यांचं चिन्ह फोडलं, आणि चर्चमधले चेहरे खरवडायला एक गवंडी व एक लेखनिक पाठवला. हुकूम असा की त्या घराच्या लगत जो जो रंगवला असेल त्याचं नाव लिहायचं. शहराच्या पदांसाठी ज्या थैलीतून चिठ्ठ्या काढतात तिच्यातून लिहिलेल्याचं नाव कायमचं बाद, आणि वर्षभर बाजारात बसायचं नाही, वेशीबाहेर जायचं.

सगळा बाजार चर्चमध्ये लोटला. किमेन्ती तेवढा नव्हता. तो आपल्या खुराड्यात कोंबड्यांमध्ये बसला होता, आणि त्याची बायको दारात उभी राहून आत कोणी नाही असं न विचारताच सगळ्यांना सांगत होती.

हातोडा पडत गेला. भाऊ गेले, जावई गेले, मेस्सेर वान्नींचा नुसता गळपट्टा राहिला. मग लेखनिकाने बोरू त्या ढगाकडे केला.

“हा काळा कोण?”

 दालनातले डोळे सगळे नोफ्रीवर. भांडण कोणाला ठाऊक नव्हतं? एक शब्द, आणि किमेन्ती कोंबड्यांसकट वेशीबाहेर. असा दिवस देव माणसाला एकदाच देतो.  नोफ्रीने त्या सुरईकडे पाहिलं, तिच्याशेजारच्या त्या जागेकडे पाहिलं. लेखनिक बोरू दौतीत बुडवून वाट बघत होता. आता जे नाव निघेल ते शहराच्या दप्तरात जाणार होतं: अमुक इसम, बेलफ्रातींच्या उजव्या खांद्याशी.

आणि ते नाव किमेन्तीचं द्यायचं? नोफ्रीच्या पोटात नेहमीच्या जागी कळ आली.

“मी,” तो म्हणाला. “नोफ्री. वजडीवाला.”

लेखनिकाने त्याचं सपाट तोंड पाहिलं, मग काजळीतून बाहेर डोकावणारा नाकाचा शेंडा पाहिला. “आणि हे नाक?”

“चित्रकाराने वाढवलं, मालक. बड्यांच्या शेजारी उभं करायचं म्हणून.”

“बेलफ्रातींचा माणूस आहेस?”

“त्यांच्या इतक्या जवळचा दुसरा नाही,” नोफ्री म्हणाला, आणि नाव नीट लिहितोय ना हे बघायला पुढे वाकला. वाचता येत नव्हतं, तरी वाकला.

गवंड्याने ढग फोडला. प्रत्येक घावाला नोफ्री हनुवटी थोडी वर उचलत होता.

घरी जाताना पिप्पा पुढे पुढे चालत होती, तोंडाला पदर लावून. वर्षभर वेशीबाहेर गाडा ढकलणार कोण, एवढं तिने एकदाच विचारलं होतं. मागे आम्ही गल्लीतली पोरं. आमच्यातल्या एकाने नोफ्रीकाकाला म्हटलं की काका, आता बघा, किमेन्ती सर्वांत जाड कोंबडा घेऊन येईल आणि तुमच्या पाया पडेल. नोफ्री म्हणाला, येईल तो भांडायला येईल. लाव पैज. पोराने लावली. हरेल त्याने वर्षभर वजडी धुवायची.

अंधार पडायच्या आत किमेन्ती आला. डोक्यात पिसं, हात रिकामे.

“चोरा,” तो म्हणाला, “दोन वर्षं त्या खांद्याशी मी उभा होतो. मी. उद्या ते धनी परत आले आणि विचारलं, आमच्यासाठी कोणी सोसलं, तर दप्तरात कोणाचं नाव निघेल?”

नोफ्री रश्श्यात भाकरी बुडवत होता. त्याने पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवायला घेतलं होतं.

“माझं,” तो म्हणाला. “बस ना किमेन्ती. जळका वास येतोय तुझा.”

वेशीबाहेर नदीचं पाणी हिवाळ्यात हाडापर्यंत जातं, आणि बैलाच्या एका पोटाला तीनदा धुतलं तरी वास सुटत नाही. हे पैज लावणाऱ्या पोराला आता चांगलं ठाऊक आहे. ही हकिगत त्यानेच लिहिली आहे, एका हाताने; दुसरा अजून वजडीत आहे.