तांबड्या चिठ्ठ्या, निळ्या चिठ्ठ्या

पुलाशेजारच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करणारी एक बाई होती. सगळे तिला मशीनवालीच म्हणत. पूल ओलांडला की दुसरा देश, दुसरं चलन. मशीन आलं की ती त्याला चिठ्ठी बांधायची. अलीकडचं असेल तर तांबडी, पलीकडचं असेल तर निळी. काम झालं की चिठ्ठी सोडून भिंतीवरच्या खिळ्याला. दर वर्षाला एक खिळा, असे बावीस खिळे झाले.

एक दिवस तिचा दीर राजधानीतल्या साहेबांना घेऊन आला. दीर म्हणजे बाजाराचा अध्यक्ष, सगळे गाळे त्याच्या हातात.

"वहिनी, सही करा. दोन्ही देशांचं एकच चलन करायचं चाललंय. तेजी-मंदी दोन्हीकडे एकदमच येते, एवढं लिहून द्यायचं. सगळ्यांनी दिलंय."

"येते का पण एकदम?"

"अहो, साहेब शिकलेले आहेत!"

"मग ही भिंत वाचता येईल त्यांना."

साहेब चष्मा सावरून बघू लागले. जिथं तांबड्यांचा जुडगा मुठीत मावेना, तिथं निळ्या मोजून चार. जिथं निळ्या लोंबत होत्या, तिथं तांबड्यांचा पत्ताच नाही.

"आमचे कारखाने थंडावले की आमचं चलन उतरतं," ती म्हणाली. "मग पलीकडच्यांना माझं काम स्वस्त पडतं, ते मशीन उचलून इकडे येतात. त्या दिवसांत माझी चूल त्यांच्यावरच पेटते. एकाला ताप, दुसऱ्याला हुडहुडी, आणि तुम्ही दोघांवर एकच पांघरूण घालणार?"

साहेबांना एकदम हुरूप आला. "ही दोन वर्षं बघा की! दोन्ही रंग अगदी सारखे, दोन्ही तुरळक."

"सारखेच. पुरात पूल वाहून गेला होता. बांधून होईपर्यंत दोन्हीकडचे माश्या मारत बसले होते."

शेजारचे दुकानदार खो खो हसले. दिराचं तोंड एवढंसं झालं.

"सही नाही, तर गाळाही नाही," तो म्हणाला.

तिनं कमरेची किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "घ्या भाऊजी. गाळा तुमचा, हात माझे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुलाच्या तोंडाशी छत्री रोवून बसली. भिंत नव्हती, म्हणून कठड्याला तार बांधली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते तिची धाकटी जाऊ, काखेत मशीन, घामाघूम.

"ताई, ह्यांना सांगू नका हं."

"मी कशाला सांगू?" मशीनवाली म्हणाली. मशीन सुरू झालं, तशी तिनं तांबडी चिठ्ठी सोडली आणि अध्यक्षांच्या खिडकीतून बरोबर दिसेल अशी तारेला टांगली.