होडीतली दहावी जागा

"काय दिसलं?"

सराव संपला की उस्ताद एवढंच विचारायचे. दोन्ही हात पाठीमागे, मान थोडी तिरकी. मग आपण काही बोलेपर्यंत ते जागचे हलायचे नाहीत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या ओरडण्यापेक्षा गप्प राहण्याची जास्त भीती वाटते.

जालन्याला आग विझवण्याच्या गाडीवर सगळी नोकरी करून ते निवृत्त झाले होते. मी घनसावंगीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा तालुक्यात पुरासाठी बचाव पथक उभं राहिलं. कॉलेजातले आणि आसपासच्या गावांतले मिळून आम्ही चौदाजण. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. वरच्या धरणातून पाणी सुटलं की काठच्या वस्त्या तुटतात, म्हणून हे पथक. शिकवायला उस्ताद यायचे. ते नाव त्यांना कुणी दिलं माहीत नाही, पण त्यांचं दुसरं नाव कुणी घेत नव्हतं.

मला विहिरीत पोहता येत होतं, म्हणून मी गेले. पथकाचं म्होरकेपण माझ्याकडे येईल असं मला वाटलं नव्हतं. उस्तादांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी त्यांना बाजूला गाठून म्हटलं की दुसऱ्या कुणाला तरी करा. ते म्हणाले, "पोरी, तू बोलायच्या आधी बघती. बाकीचे बोलून मंग बघतेत."

म्होरकी झाल्यावर पहिल्याच सरावात मी चुकले. तलावात त्यांनी भुसा भरलेलं पोतं सोडलं होतं, ते म्हणजे बुडणारा माणूस. दोर टाकायला सांगायचं सोडून मीच दोर कमरेला बांधला आणि उडी मारली. पोतं ओढून काठावर आणलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. उस्ताद पुढे आले.

"काय दिसलं?"

मी म्हटलं, पोतं दिसलं.

"दुसरं?"

दुसरं पोतं त्यांनी गुपचूप पलीकडच्या बाजूला सोडलं होतं. ते कधीच बुडालं होतं. चौदाजणांत कुणी पाहिलं नव्हतं, कारण बघायचं काम माझं होतं आणि मी पाण्यात होते.

घरी जाताना मला रडू येत होतं. माझी चूक घाईची नव्हती, हे मला कळत होतं. आमच्या घरात काम सांगणारं कुणी झालंच नव्हतं. आजी, आई, वडील, सगळे दुसऱ्याच्या शेतात सांगितलेलं काम करत आलेले. काम दिसलं की आपणच वाकायचं, एवढंच मला येत होतं.

त्यात पथकात दिगंबर होता. त्याच्याच घरच्या शेतात माझी आई कापूस वेचायला जायची. पोहण्यात तो आम्हा सगळ्यांत पक्का. त्याला काही सांगायचं म्हटलं की माझी जीभ अडायची. "दिगूभाऊ, जरा दोर बांधता का?" असं मी म्हणायचे. तो हसून म्हणायचा, "बांधतो की बाईसाहेब, अजून काही चहापाणी?" आणि सगळे हसायचे.

उस्तादांची एक रीत होती. शिट्टी वाजण्याआधी मी पोरी, शिट्टी वाजली की "तुम्ही". एके दिवशी शिट्टी वाजल्यावर ते मला म्हणाले, "विचारू नका. सांगा." मी पुन्हा विचारलंच. त्यांनी सराव थांबवून पहिल्यापासून लावला. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी मी डोळे मिटून म्हटलं, "दिगंबर, दोर बांध." त्याने बांधला. आभाळ कोसळलं नाही.

नंतर बांधावर बसून उस्तादांनी शेंगदाणे पुढे केले. म्हणाले, "हुकूम मालकाचाच असतो असं वाटतंय तुला. पाण्यात तसं न्हाई. तिथं हुकूम म्हंजी धीर. समोरच्याला कळतं, आपल्याकडं कुणीतरी बघून राह्यलंय."

एवढं लांब ते क्वचितच बोलायचे.

पुढच्या पावसाळ्यात, भादव्यात, गंगेला पाणी आलं. नदीकाठच्या एका वस्तीतली माणसं शाळेच्या स्लॅबवर अडकली होती. सकाळपासून होडीने दोन खेपा केल्या. स्लॅबवर सातजण उरले. पाणी खिडक्यांच्या वर चढत होतं. आमच्या होडीत दहाच माणसं बसत. वल्ही मारणारे दोघे आणि दोर धरायला दिगंबर, म्हणजे तीन. येताना सात. बरोबर दहा.

तेवढ्यात उस्ताद होडीत चढून बसले.

त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पाण्याकडे बघून त्यांना राहवलं नसावं. "चला जल्दी," ते म्हणाले, "धार वाढून राह्यली. मी असलेला बरा."

मी काठावर उभी होते. उस्ताद गेले तर येताना स्लॅबवर एकजण मागे राहणार होता आणि चौथ्या खेपेला तो तिथे असेल याची खात्री नव्हती. हे सगळं मला दिसत होतं. पण ज्यांनी मला बघायला शिकवलं, त्यांनाच सांगायचं होतं. दिगंबर माझ्याकडे बघत होता. या वेळी तो हसत नव्हता.

"उस्ताद, तुम्ही उतरा."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता रागावतील.

"जी," ते म्हणाले आणि गुडघाभर पाण्यात उतरले.

मी त्यांना काठावरची गर्दी मागे सारायला सांगितलं. ते गेले. होडी तिरकी होत, धडका खात स्लॅबपाशी पोहोचली. सातही जण आले. शेवटी एक म्हातारी होती, दिगंबरने तिला पाठीवर घेऊन उतरवलं.

लोक आपापल्या माणसांना मिठ्या मारत होते. मी एका दगडावर बसले. मान वर केली तर समोर उस्ताद. पावसाने नखशिखांत भिजलेले, एका पायातला बूट चिखलात गेलेला, थंडीने ओठ हलत होते.

मी म्हटलं, उस्ताद, घरी जा ना, कपडे बदला. ते जाईनात. मी विचारलं, काही राहिलं का? तरी ते तसेच उभे. मला समजेना.

"सुट्टी द्या," शेवटी ते म्हणाले. "म्होरक्यानं सांगितल्याबिगर जागा सोडत नसतेत."

त्या हिवाळ्यात ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं. त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून मला तो काठच आठवतो. मी दगडावरून उठून सरळ उभी राहिले, ओढणी नीट केली आणि म्हटलं, "जा उस्ताद. सुट्टी."

त्यांनी मान लववली आणि एका बुटाने लंगडत रस्त्याला लागले.