गिरणीखालची वाळू

सौंदडजवळच्या आमच्या गावात बाबांनी भाताची गिरणी टाकली, तेव्हा मी सिव्हिलचा डिप्लोमा करून गोंदियात नोकरीला लागले होते. गिरणीची जागा जुन्या नाल्याच्या पात्रातली. हातभर मातीखाली नुसती बारीक वाळू, आणि पावसाळा सरला तरी पाणी अगदी वर. मशीन चालू केलं की फरशीच्या फटींतून गढूळ पाणी उसळायचं आणि पाया एका अंगाला खचायचा. मिस्त्रीनं दोनदा काँक्रीट ओतलं, दोन्ही वेळा ते मशीनसकट कललं.

मी रजा टाकून घरी गेले. बाबा तिसऱ्यांदा काँक्रीट आणायला निघाले होते.

"बाबा, वजन वाढवून काही होणार नाही. वाळूतल्या पाण्याला वाट काढून द्या."

"कायले? काँक्रीट जाड टाकलं का बसते ते."

मी वाद घातला नाही. अंगणात बादलीभर ओली वाळू आणली, वर वीट ठेवली आणि बादलीला हातोडीनं ठोकत राहिले. पाणी वर आलं, वाळूची पातळ लापशी झाली, वीट बुडाली. दुसऱ्या बादलीच्या तळाला भोक पाडलं, तशीच ओली वाळू भरून मधोमध तळापर्यंत गिट्टीचा, म्हणजे खडीचा, उभा खांब केला, वर वीट ठेवली आणि तेवढंच ठोकलं. पाणी खालून गळालं. वीट जागची हलली नाही.

बाबा उकिडवे बसून विटेकडे पाहत राहिले. "किती भोकं लागतीन?"

जुना पाया फोडला. पहिलं भोक पाडताच वाळू आत ढासळली. मिस्त्री हसला. मग मी लोखंडी पाइप खाली उतरवला, त्यात धुतलेली जाड रेती आणि गिट्टी भरली आणि पाइप हळूहळू वर ओढून घेतला. असे पुरुषभर खोल चोवीस खांब झाले. वर गिट्टीचा थर दिला, आणि त्यातून खालच्या बांधीकडे, भाताच्या खाचराकडे, चर काढला.

नव्या पायावर मशीन सुरू झालं. चरातून स्वच्छ पाणी वाहू लागलं, त्यात वाळूचा कणही नव्हता. दिवसभर धान भरडलं. संध्याकाळी मी पाण्याची लेव्हल नळी लावली, तर चारही कोपरे सकाळच्याच खुणेवर होते.

बाबांनी सगळ्या हमालांसमोर सांगितलं, "हे माह्या पोरीनं केलं."

महिन्याभरानं मिस्त्रीचा फोन आला. "मॅडम, एक गिरणी और है. जमीन वैसीच आहे. कधी येता?"