ड्रॅगनच्या कपाटाला पाडव्याची मुदत

पुस्तक परत आलं की मी ते जागेवर ठेवतो. पण ते परत देताना माणूस जे बोलून जातो, ते ठेवायला आमच्या वाचनालयात कपाट नाही. मग ते माझ्याच डोक्यात साठत जातं. वडवणीसारख्या गावात ग्रंथपाल म्हणून बसलं की पुस्तकं वाचून होवोत न होवोत, माणसं मात्र वाचून होतात. बायको म्हणते, "ते सगळं तिकडंच ठेवून येत जा की!" पण जेवताना एखादं आठवतं आणि घास हातातच राहतो. आता त्या फँटसीच्या कपाटाचंच बघा ना.

आमची पल्लवी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. जाताना तिनं शाळेपासून जमवलेली सगळी पुस्तकं माझ्या गळ्यात घातली. ड्रॅगन, जादूगार, उडते किल्ले, बोलणारी झाडं. काही मराठीत लिहिलेली, काही अनुवाद. म्हणाली, "पप्पा, रद्दीत घालू नका. वाचनालयात ठेवा, आणि नुसती ठेवू नका, लोकांना द्या." मी शब्द दिला. पोरीला दिलेला शब्द म्हणजे गळ्याशी आलेलं काम!

कपाट लावलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या वाचनालय समितीचे अध्यक्ष आले. आबा. पन्नास एकर ऊस, पंचायत समितीचा अनुभव, आणि गावातल्या प्रत्येक सप्ताहाचे यजमान. त्यांनी एक पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर ड्रॅगन आग ओकत होता.

"हे काय हाय बे सुदाम?"

"फँटसी, आबा."

"म्हंजे?"

"जे कधीच होणार नाही, ते झालंय असं धरून लिहायचं."

आबांनी पुस्तक उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "मंग आमच्या जाहीरनाम्यात आन ह्याच्यात फरक काय?"

हसण्यावारी गेलं असतं तर बरं झालं असतं. पण आबांनी लगेच मुदत घातली. "पोरं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मागतेत. जागा एवढीच हाय. गुढीपाडव्यापर्यंत लोकांनी वाचलं तर ठिऊ. न्हाई तर कपाट रिकामं कर." बोलणं रास्त होतं, हीच तर अडचण होती. चुकीचं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

*

मग मी सुचवायला लागलो. गंमत म्हणजे मी स्वतः त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं. रोज पल्लवीला फोन करून गोष्ट विचारायची आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक गाठायचं.

पहिलं गिऱ्हाईक आश्रुबा. शेतकरी माणूस, वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचणारा. जाड पुस्तक बघून घाबरेल म्हणून मी त्याला तीन भागांच्या एका कादंबरीतला सगळ्यात बारीक भाग दिला. तो नेमका दुसरा होता!

आठ दिवसांनी आश्रुबा आला. मी भीत भीत विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं हाय. पन लग्नाला उशिरा पोचल्यावानी झालं. समदे एकमेकांला वळखतेत, समदे रडतेत, आन मला कळंना की नवरी कुठली!"

मी कपाळाला हात लावला आणि पहिला भाग दिला. तो त्यानं तीन दिवसांत संपवला. वर म्हणाला, "आता कळलं ती म्हातारी का रडत होती ते." माझा जीव भांड्यात पडला. एक तरी वाचक पक्का झाला होता.

*

आमच्या स्टँडजवळ शांताकाकू मेस चालवतात. परीक्षेची तयारी करणारी सगळी पोरं त्यांच्याकडं जेवतात. दुपारी भांडी उरकली की वाचायला काहीतरी लागतंच. त्यांना मी मोठ्या युद्धाची कादंबरी दिली. दोन दिवसांत परत!

"काय झालं काकू?"

"किती मानसं हायेत त्या फौजेत? डोंगर चढतेत, नदी उतरतेत, महिनाभर लढाई चाललीय. भाकरी कोन थापतंय त्यांच्या?"

"काकू, तिथं ड्रॅगन आहे. जादूचा दगड आहे."

"असू द्या की. दगड हाय, पन चूल न्हाई. मला न्हाई पटलं."

मी फोनवर पल्लवीला सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या मैत्रिणी विचारायला लागल्या. मग म्हणाली, "त्यांना ती खानावळवाल्या जादूगारणीची द्या." दिली. त्यात पहिल्याच पानावर रस्सा उकळत होता. काकूंनी ती लागोपाठ दोनदा वाचली आणि परत देताना मला फँटसीची व्याख्याच सांगून टाकली. "जादू कितीबी असू द्या. पन मानसाला भूक लागली पायजे!"

*

व्याख्येवरून आठवलं. जोगदंड सर विज्ञान शिकवून रिटायर झालेले. फँटसी म्हटलं की आधी नाक मुरडायचे. "सुदामराव, भूत आलं की भयकथा, यान आलं की विज्ञानकथा. मग हे मधलं काय आहे?"

मी म्हटलं, "तुम्हीच वाचून सांगा."

माणूस चिडला की चांगला वाचतो. सर पेन्सिल घेऊन बसले. आठवड्यानं आले ते तावातावानं.

"मंत्र म्हटला की दगड उचलतो. ठीक, मान्य! मग आधीच्या प्रकरणात तोच दगड हलवायला चार माणसं कशाला लागली? मंत्र काय रजेवर होता?"

"म्हणजे आवडलं नाही?"

"हे नाही आवडलं. पण त्या तीन भागांच्या कादंबरीचे दोन भाग वाचले, ते आवडले. त्यात जादू केली की करणाऱ्याचं वय वाढतं. दोन्ही भागांत वाढतं. कुणाला सूट नाही! फँटसी म्हणजे हेच हो. खोटं बोला, पण एकदा बोललात की मग त्यालाच धरून राहा."

बाजूला शांताकाकू पुस्तक बदलायला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, हे जरा लग्न जमवणाऱ्यांना शिकवा!"

*

आश्रुबाचा चुलतभाऊ ज्ञानोबा. दोघांची शेतं शेजारी आणि मध्ये बांध. त्या बांधावरून दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एक आला की दुसरा उठून जायचा. मला तर दोघांच्या वेळा पाठ झाल्या होत्या.

एकानं वाचलं म्हणून दुसऱ्यानं वाचायला घेतलं, एवढंच. पण त्या कादंबरीच्या सुरुवातीला नकाशा होता. दोन राज्यं, मध्ये एक खोरं, आणि त्या खोऱ्यासाठीच सगळी लढाई. आश्रुबा उत्तरेच्या राजाच्या बाजूचा. मग ज्ञानोबा दक्षिणेचा असणार, हे सांगायलाच नको.

एका दुपारी दोघं एकाच वेळी आले आणि कुणीच उठून गेलं नाही. टेबलावर नकाशा पसरला.

"खोरं उत्तरेचं हाय. त्याच्या आज्यानं जिंकलंय!"

"आज्याचं काय सांगतो बे? वहिवाट कुनाची हाय ते बघ की!"

आवाज चढले. वाचणारी पोरं माना वर करून बघायला लागली. मी मध्ये पडलो, "अहो, वरून ड्रॅगन येतोय, तो दोघांनाही जाळणार आहे!"

दोघं एकदमच माझ्यावर ओरडले, "ड्रॅगनचं मागून बघू! आधी मोजणी आना!"

आणि मग एकमेकांकडं बघून हसायला लागले. त्या दिवशी दोघांनी एकाच टपरीवर चहा घेतला. खरा बांध अजून तिथंच आहे, वादही आहे. पण आता बोलून भांडतात. मला तेवढ्यानंसुद्धा लई बरं वाटलं.

*

बाजारच्या दिवशी मारुतीनाना यायचे. मेंढरं राखणारे, वय झालेलं. मेंढरं पोरांवर सोपवून बाजाराला यायचे आणि पंख्याखाली टेकायचे. "वाच काय तरी," म्हणायचे. मी एक प्रकरण वाचून दाखवायचो. गाव जळतं, राणी पळते, वगैरे. नाना डोळे मिटून ऐकायचे.

एकदा मध्येच म्हणाले, "हे झालं कुठं?"

"कुठंच नाही, नाना. सगळं मनातलं."

"खरंच?"

"खरंच."

नानांनी मोठा श्वास सोडला. "मंग वाच बिनघोर. कोनाचं नुकसान न्हाई!"

*

पाडवा जवळ यायला लागला. त्या तीन भागांच्या कादंबरीला आता मागणी इतकी वाढली की एका प्रतीवर भागेना. शेवटी जोगदंड सर म्हणाले, "मी संध्याकाळी इथं ओट्यावर मोठ्यानं वाचतो. सगळ्यांनी ऐका." आणि आमच्याकडं मोठ्यानं वाचायचं म्हटलं की लोकांना एकच पद्धत ठाऊक, पोथीची. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. सर वाचणार, आश्रुबा अर्थ सांगणार!

सर वाचायचे, "राजपुत्राच्या नेत्रांत अंगार फुलला."

आश्रुबा सांगायचा, "म्हंजे आता त्यो कोनाच्या बापाला ऐकत न्हाई."

एकदा सर मध्येच थांबून म्हणाले, "पण मग पोथीत आणि ह्यात फरक काय राहिला?" ज्ञानोबा म्हणाला, "पोथीतल्या राजाला शिव्या देता येत न्हाईत. ह्याला देता येतेत." हे सगळ्यांना एकदम पटलं आणि लगेच उत्तरेच्या राजाला दोनचार देऊन झाल्या.

पद्धत पोथीची म्हटल्यावर नियमही पोथीचेच. मोठा नियम हा की अशुभावर वाचन ठेवायचं नाही. कुणी संकटात असेल, मरणाच्या दारात असेल, तर तिथं पोथी मिटून घरी जायचं नाही. त्याची सुटका होईपर्यंत वाचायचं. त्यामुळं कादंबरीवाल्यानं प्रकरणाच्या शेवटी मुद्दाम टांगून ठेवलेला माणूस उतरवल्याशिवाय आमचं उठणं होत नसे. एकदा तर राजपुत्र विहिरीत पडला आणि शांताकाकूंच्या मेसची पोरं उपाशी ताटकळली!

आबाही यायचे. म्हणजे आत यायचे नाहीत. "किती लोक येतेत ते बघतो" म्हणून जीप ओट्यासमोर लावायचे आणि काच खाली करून बसायचे. सरांचा आवाज बारीक झाला की जीपचा हॉर्न वाजायचा.

*

आणि पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी दुसरा भाग संपला.

संपला तो असा. विषारी बाण लागून राजपुत्र नदीकाठी कोसळला. ड्रॅगन त्याच्यावरून घिरट्या घालून निघून गेला. त्याचा घात करणारी म्हातारी चेटकीण, जिला सगळ्या ओट्यानं पहिल्या दिवसापासून शिव्या दिल्या होत्या, ती अंधारात उभी राहून बघत होती. समाप्त.

सरांनी हात पुढं केला. "सुदामराव, तिसरा भाग."

मी कपाट उघडलं. तिसरा भाग नव्हता! पहिला होता, दुसरा सरांच्या हातात, तिसऱ्याची जागा रिकामी. तो मी अजून कुणालाच दिला नव्हता, सगळ्यांनी मिळूनच ऐकायचा असं ठरलं होतं. कपाटाला रोज कुलूप. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडं, एक अध्यक्षांकडं. मी खालीवर सगळं शोधलं. उद्या मुदत संपणार आणि आज पुस्तक गायब! पल्लवीला काय सांगू, एवढंच डोक्यात.

जीपचं दार उघडलं. आबा ओट्यापाशी आले. "काय झालं?"

"आबा... एक पुस्तक सापडत नाही. चोरीला गेलं बहुतेक."

आबांनी कपाटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ते स्पर्धा परीक्षेचं पुस्तक कधी चोरीला गेलतं का रं?"

"नाही, आबा."

"मंग? चोरीला जातंय म्हंजे गावाला पायजे हाय. राहू दे कपाट. पोरांच्या पुस्तकांला माझ्या हापिसातलं देतो."

मी तिथंच पायरीवर बसलो. इतकं हलकं मला पल्लवीचा बारावीचा निकाल लागला तेव्हा वाटलं होतं. आश्रुबानं टाळी वाजवली, ज्ञानोबानं शिट्टी. जोगदंड सर चष्मा पुसायला लागले.

पण उठेना कुणीच.

आबा जीपकडं वळले होते. एक पाय आत. मागं बघतात तर ओटा भरलेलाच. "जावा की आता घरी! कपाट राह्यलं ना?"

शांताकाकू म्हणाल्या, "कपाट राह्यलं हो. पन पोरगं मरून पडलंय नदीकाठी. त्याला तसंच टाकून कसं उठावं? उद्या सणाचा दिवस."

त्यावर सगळ्यांच्या माना हलल्या. मारुतीनानासुद्धा काठी मांडीवर घेऊन बसून होते. आबा तसेच उभे. इतक्या सप्ताहांचे यजमान, नियम त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत! त्यांनी टोपी काढली, घातली. एकदा माझ्याकडं बघितलं. आणि जीपमध्ये बसता बसता भराभरा बोलून टाकलं, "मरत न्हाई त्यो. ती म्हातारी पाला घिऊन येतीया आन त्याचं इख उतरीवती. आजी हाय ती त्याची, सख्खी. उठा आता, जेवा जाऊन!"

"आबा, तुमाला कसं म्हाईत?" ज्ञानोबा ओरडला.

पण जीप तोवर स्टँडच्या पुढं गेली होती.